कोकण किनाऱ्यावरील तलावाच्या काठाची फरशी: खर्चाचा हिशोब खालून वर कसा मांडावा

अलिबाग, मुरूड, गुहागर, मालवण या पट्ट्यात आता घरामागे किंवा होमस्टेच्या आवारात पोहण्याचा लहानसा तलाव बांधण्याची पद्धत रुळू लागली आहे, आणि असे काम पहिल्यांदाच काढणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो: फरशी फुटाला कितीला पडेल? दुकानदार त्याचे उत्तर लगेच देतो आणि ते उत्तर खोटेही नसते. पण ते फक्त फरशीचे असते, कामाचे नसते. किनाऱ्यावर फरशी वरून क्वचितच खराब होते. तिच्या खालचा भराव बसतो, कोब्यात, म्हणजे फरशीखालच्या सिमेंट-वाळूच्या थरात, मुरलेले पाणी खार घेऊन वर येते, सांधे न ठेवल्यामुळे मे महिन्यात फरशी उचलली जाते, आणि या तिन्ही गोष्टींचा खर्च दुकानातील दरपत्रकात कोठेही लिहिलेला नसतो. म्हणून नवख्या माणसाने हिशोब जमिनीपासून सुरू करून फरशीपर्यंत यावे, असे मला अनेक कामे जवळून पाहिल्यावर ठामपणे वाटते.

सुरुवात मापापासून करावी. उदाहरणासाठी आपण २४ फूट लांब आणि १२ फूट रुंद तलाव धरू आणि त्याच्या चारही बाजूंनी ५ फूट रुंदीची फरसबंदी करायची आहे असे समजू. बाहेरचे माप ३४ गुणिले २२, म्हणजे ७४८ चौरस फूट. त्यातून तलावाचे २८८ वजा केले की ४६० चौरस फूट उरतात. यातील पाण्यालगतचा एक फूट रुंदीचा पट्टा काठाच्या दगडाचा, ज्याला कारागीर कोपिंग म्हणतात. तो ७६ चौरस फूट भरतो आणि त्याची पाण्याकडची कड ७२ रनिंग फूट, म्हणजे नुसत्या लांबीने मोजलेले फूट, असते. उरलेल्या ३८४ चौरस फुटांवर साधी फरशी येते. कोपिंग आणि फरशी यांची मापे पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवावीत, कारण त्यांचा दर वेगळा, मजुरी वेगळी आणि मापाचे एककही वेगळे असते. दोन्ही एकत्र धरून केलेला अंदाज हमखास चुकतो.

दुसरी पायरी जमिनीची, आणि येथे घाई करू नये. तलावासाठी खड्डा खणताना त्याच्या भिंतीबाहेर दोन-तीन फूट जास्त खोदाई होते आणि भिंत उभी राहिल्यावर ती जागा निघालेल्या मातीनेच भरली जाते. फरशीचा काठ नेमका याच भरावावर बसणार असतो. माती एकदम लोटून वरून पाणी सोडले की ती बसल्यासारखी दिसते, पण कोकणातला पहिला पाऊस तिला आणखी खाली नेतो. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या जमिनीत भराव सहा ते नऊ इंचांच्या थरांनीच घालावा, प्रत्येक थर पाणी मारून धुमसाने किंवा यंत्राने ठोकून घ्यावा, आणि शक्य असेल तर एक पावसाळा त्यावर जाऊ द्यावा. त्यानंतर दगडाचे सोलिंग, म्हणजे दगड रचून केलेला थर, आणि चार इंचांचे काँक्रीट. ज्यांना एक वर्ष थांबणे परवडत नाही त्यांनी या काँक्रीटमध्ये लोखंडी जाळी घालावी; तेवढा खर्च नंतर फरशी उकरण्यापेक्षा फार कमी असतो. पुढे दिलेल्या हिशोबात हे काँक्रीट तलावाच्या मूळ बांधकामात धरलेले आहे. आपल्या ठेकेदाराने ते धरले आहे की नाही, हे त्याला स्पष्ट विचारून लिहून घ्यावे.

काँक्रीट झाले की ढाळाचा कोबा. तलावाच्या काठाचे पाणी तलावात परत जाता कामा नये, कारण त्याबरोबर तांबडी माती, पालापाचोळा आणि पायांची घाण पाण्यात जाते. म्हणून ढाळ नेहमी तलावापासून बाहेर द्यावा. आपल्याकडचे गवंडी तो सुतात मोजतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. खरखरीत फरशीसाठी फुटाला दीड सूत ढाळ पुरतो, म्हणजे चार फुटांच्या पट्ट्याला पाऊण इंच. गुळगुळीत फरशीवर पाणी याहून कमी ढाळावरही वाहते, पण तलावाच्या काठाला गुळगुळीत फरशी घालायचीच नाही, तेव्हा दीड सूत हे माप पक्के धरावे. ज्या बाजूला घर आहे त्या बाजूला हा ढाळ साहजिकच घराकडे जातो. तेथे भिंतीच्या अलीकडे जाळी असलेली सलग नाली घ्यावीच लागते. तिची जाळी स्टेनलेस स्टीलची घेतली तर ३१६ प्रतीचीच घ्यावी. ३०४ प्रतीवर समुद्रावरच्या वाऱ्याने चहासारखे तपकिरी डाग पडतात.

कोब्यात वापरायच्या पाण्याबद्दल आणि वाळूबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात आणि नेमके त्याच दिवसांत बांधकाम जोरात असते. काँक्रीटसाठीच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाने पाण्यातील क्लोराइडला मर्यादा घातली आहे: लोखंड घातलेल्या काँक्रीटसाठी लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आणि लोखंड नसलेल्या काँक्रीटसाठी २००० मिलिग्रॅम. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेणे अवघड नाही. जेथे ते जमत नाही तेथे जे पाणी प्यायला चालत नाही ते कोब्याला आणि पाणी मारायलाही वापरू नये, हा जुना नियम पाळावा. किनाऱ्यावरची किंवा खाडीतली वाळू तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. तिच्यातला खार सिमेंटमध्ये बंद होतो आणि प्रत्येक पावसाळ्यानंतर ओल सुकताना सांध्यांतून पांढरा लोणा बनून बाहेर पडतो. तो पुसून जातो, पुन्हा येतो आणि दगड सच्छिद्र असेल तर त्याचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सोलून काढतो. कोब्यावर सिमेंट आणि पॉलिमरच्या जलरोधक लेपाचे दोन हात देण्याचे मुख्य कारण हेच आहे. जमिनीवरच्या फरशीला गळतीची भीती कशाला, असे म्हणून हा लेप वगळणारे पुष्कळ भेटतात. पण येथे पाणी खाली जाण्याची भीती दुय्यम असून खार वर येण्याची भीती मोठी आहे. लेप आणि वरचा चिकटवणारा मसाला एकमेकांना धरतात का, हे दोन्हींच्या पिशव्यांवरील सूचना वाचून आधीच पाहावे.

आता फरशी. कोकणातली मूळ फरसबंदी म्हणजे जांभ्याच्या चिऱ्याची, आणि त्याआधी सारवलेले खळे, जे दरवर्षी पावसाळा सरला की नव्याने चोपून करायचे असा रिवाज होता. जांभा उन्हात फार तापत नाही, आसपासच मिळतो आणि दिसतो देखणा. मला स्वतःला अंगणात त्याच्याइतका शोभणारा दुसरा दगड माहीत नाही. पण तो पाणी पितो, पावसात शेवाळतो आणि त्याची झीज सारखी होत नाही, म्हणून अंगणातल्या पायवाटेला तो घ्यावा आणि तलावाच्या काठाला टाळावा. कोटा, शहाबादी, तांदूर आणि कडाप्पा या आपल्या ओळखीच्या फरशा खिशाला परवडतात, जाड असतात आणि गवंड्यांचा हात त्यांवर बसलेला असतो. मात्र हे चारही चुनखडीचे दगड आहेत. तलावाच्या पाण्याचा आम्लपणा जुळवण्यासाठी ओतले जाणारे आम्ल त्यांना खाते, आणि मिठावर चालणारे क्लोरिन यंत्र बसवले असेल तर उडणाऱ्या पाण्यातला खार त्यांच्या थरांमध्ये शिरतो. शिवाय पॉलिश केलेला कोटा ओल्या पायाखाली साबणासारखा निसटतो. ज्यांना नैसर्गिक दगडच हवा आहे त्यांनी ज्योतीने भाजून खरखरीत केलेला, फिकट राखाडी ग्रॅनाइट घ्यावा. तो आम्लाला आणि खाराला दाद देत नाही आणि कोपिंगसाठी तर त्याच्या कडेला गोलाईही उत्तम येते.

भट्टीत भाजलेल्या फरशांपैकी बहुतेक माल गुजरातमधील मोरबीहून येतो. येथे नवखा माणूस दोन ठिकाणी फसतो. घरातल्या दिवाणखान्याची आठ-नऊ मिलिमीटरची चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी स्वस्त मिळते म्हणून बाहेर घालण्याचा मोह होतो, किंवा पार्किंगची जाड पण सच्छिद्र सिरॅमिक फरशी घेतली जाते. बाहेरच्या कामाला १६ किंवा २० मिलिमीटर जाडीची, अर्ध्या टक्क्याहून कमी पाणी शोषणारी पोर्सेलिन फरशी मागावी आणि खोक्यावरील घसरणीची श्रेणी वाचावी. जर्मन मानकातील आर ही श्रेणी बूट घातलेल्या पायासाठी असते. तलावाभोवती आर ११ किंवा त्याहून वरची घ्यावी. अनवाणी ओल्या पायासाठी ए, बी, सी अशी वेगळी श्रेणी आहे. काठाला बी आणि पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांना सी असावी. दुकानदार तोंडी 'अँटी-स्किड' म्हणाला एवढ्यावर विश्वासू नये. लहान मुले आणि वयस्क माणसे या काठावरून धावत आणि चालत जाणार आहेत, आणि या एका बाबतीत दहा-वीस रुपयांची काटकसर करणे मला मुळीच पटत नाही.

रंगाचा निर्णय नमुना घरी आणूनच करावा. एप्रिल-मेच्या दुपारी दोन वाजता दोन-तीन नमुने उघड्यावर ठेवून अर्ध्या तासाने त्यांवर अनवाणी उभे राहावे. काळा ग्रॅनाइट आणि गडद राखाडी फरशी या परीक्षेत तेथेच बाद होतात. अगदी पांढऱ्या फरशीवर मात्र डोळे दिपतात आणि कोकणातली तांबडी माती तिच्या खरखरीत पृष्ठभागात कायमची बसते, तेव्हा वाळूचा किंवा फिकट करडा रंग या दोहोंच्या मधला मार्ग ठरतो.

बसवण्याच्या पद्धतीवर कामाचे आयुष्य ठरते. पोर्सेलिन जवळजवळ पाणी शोषतच नाही, त्यामुळे सिमेंटचा घोळ ओतून फरशी ठोकण्याची जुनी पद्धत तिला धरून ठेवत नाही. पॉलिमर मिसळलेला मसालाच लागतो. भारतीय मानक आयएस १५४७७ त्यासाठी आहे, आणि काही पिशव्यांवर युरोपीय खूण असते. ती सी२टीई एस१ असेल तर मसाला घसरत नाही, उन्हात थोडा जास्त वेळ ओला राहतो आणि थोडा लवचीकही असतो. मसाला कोब्यावर दात्याच्या थापीने ओढावा, फरशीच्या पाठीवरही पातळ हात द्यावा, आणि चार कोपऱ्यांना व मध्ये असे पाच ठिपके ठेवून फरशी बसवू पाहणाऱ्या कारागिराला तेथेच थांबवावे. ठिपक्यांच्या मधल्या पोकळीत पाणी साठते, खार साठतो आणि वर्षभरात फरशी पोकळ वाजू लागते. रोज सकाळी आदल्या संध्याकाळी बसवलेल्या फरशा नाण्याने ठोकून ऐकाव्यात, आणि बसवताना अधूनमधून एखादी ताजी फरशी उचलून तिच्या पाठीचा निदान ९५ टक्के भाग मसाल्याने भरला आहे ना हे पाहावे.

सांध्यांबद्दलचा धडा आमच्या कुटुंबाने पैसे मोजून घेतला. मागील दाराच्या ओट्यावर फरशा एकमेकींना चिकटवून बसवल्या होत्या, कारण तसे दिसायला सुबक वाटले होते. दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात भर दुपारी फटाका वाजल्यासारखा आवाज झाला आणि मधल्या दोन ओळी तंबूसारख्या उभ्या राहिल्या. याचे गणित साधे आहे: १० मीटर लांबीची पोर्सेलिन फरसबंदी रात्रीपेक्षा दुपारी ४० अंशांनी अधिक तापली तर जवळजवळ पावणेतीन मिलिमीटर वाढते, आणि त्या वाढीला जागा नसेल तर ती वर उठते. म्हणून प्रत्येक फरशीभोवती पाच मिलिमीटरचा सांधा ठेवून तो ग्राउटने, म्हणजे सांधे भरण्याच्या मसाल्याने, भरावा. दर दहा फुटांवर, चारही कोपऱ्यांत आणि भिंतीलगत लवचीक सीलंटचा सांधा द्यावा. आणि कोपिंग व फरशी यांच्यामध्ये तर तलावाभोवती सलग दहा-बारा मिलिमीटरचा असा सांधा ठेवावाच, कारण तलावाची भिंत आणि बाहेरची जमीन स्वतंत्रपणे हलतात. हा सांधा कोब्यातही त्याच रेषेत कापलेला असावा लागतो. फक्त फरशीत ठेवला तर त्याचा उपयोग होत नाही.

कामाचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यातली ओल ऑक्टोबरच्या उन्हात उतरलेली असते आणि पाणीही गोडे असते. एप्रिल-मेमध्येच करावे लागले तर हिरवी जाळी बांधून सावली करावी आणि सकाळी दहापर्यंत व दुपारी चारनंतरच फरशी लावावी, कारण तापलेल्या कोब्यावर मसाल्याला काही मिनिटांत साय धरते आणि मग तो चिकटत नाही.

आता हिशोब. खालील दर जीएसटीसह आणि केवळ पद्धत दाखवण्यासाठी धरले आहेत. फरशी आणि मसाला यांवर १८ टक्के जीएसटी असतो, तेव्हा दर विचारताना तो आत की बाहेर हे आधी विचारावे आणि प्रत्येक ठिकाणी आपल्या गावचा दर घालावा. फरशीचे ३८४ चौरस फूट, त्यात कटाईची दहा टक्के घट धरून ४२२. 'दोन बाय दोन' म्हणून मिळणारी फरशी प्रत्यक्षात ६०० मिलिमीटरची असते, म्हणजे चार नव्हे तर ३.८७५ चौरस फुटांची. दोन नगांच्या खोक्यात ७.७५ फूट येतात, म्हणून ५५ खोकी, ४२६ फूट; शंभर रुपयांनी ४२,६०० रुपये. गाडीभाडे व हमाली ६,००० धरू. पेण-वडखळच्या पुढे आतल्या रस्त्यावर जिथे मोठी गाडी वळत नाही तिथे माल दोनदा उतरवावा लागतो, हे विसरू नये. कोपिंगचा ग्रॅनाइट घटीसह ८४ फूट, १८० रुपयांनी १५,१२०, आणि ७२ रनिंग फूट गोलाईचे ६० रुपयांनी ४,३२०.

याच्या खालचा खर्च आता पाहू. ४६० फुटांचा ढाळाचा कोबा ५५ रुपयांनी २५,३०० आणि जलरोधक लेप ५० रुपयांनी २३,०००. वीस किलोच्या पिशवीत तीन मिलिमीटर थराने सुमारे ४८ फूट होतात असे विक्रेते सांगतात, पण वर वर्णन केल्याप्रमाणे दोन्हीकडून मसाला लावला की थर सहा मिलिमीटरचा होतो आणि एका पिशवीत २४ फूटच होतात. म्हणून २० पिशव्या, ७५० रुपयांनी १५,०००. इपॉक्सी ग्राउट १८ किलो, ४०० रुपयांनी ७,२००. सीलंटचे सांधे तलावाभोवती ८०, आडवे ४० आणि घराच्या भिंतीलगत ३४, असे साधारण १५० रनिंग फूट, ६० रुपयांनी ९,०००. घराच्या बाजूची ३४ फूट नाली जाळीसह ४५० रुपयांनी १५,३००. ३१६ प्रतीची जाळी घेतली तर हा आकडा बराच वर जातो. मजुरी फरशीला फुटाला ४५ प्रमाणे १७,२८० आणि कोपिंगला रनिंग फुटाला १२० प्रमाणे ८,६४०.

एकूण १,८८,७६० रुपये होतात, म्हणजे चौरस फुटाला सुमारे ४१० रुपये. शंभर रुपयांच्या फरशीचा वाटा त्यात जेमतेम तेवीस टक्के आहे. शंभरऐवजी सत्तर रुपयांची फरशी घेतली तर सगळ्या कामात १२,७८० रुपये वाचतात, आणि तेवढ्या पैशांसाठी घसरणीची श्रेणी सोडून द्यावी लागणार असेल तर तो सौदा करू नये. उलट पाच फुटांचा काठ तीन बाजूंना साडेतीन फुटांचा केला तर दर्जाला हात न लावता मोठी बचत होते, कारण तेव्हा कोब्यापासून मजुरीपर्यंत सगळेच कमी लागते. या एकूण रकमेवर दहा टक्के राखीव ठेवून २,०७,००० ते २,०८,००० रुपयांची तरतूद करावी.

माल एकाच वेळी, एकाच बॅच क्रमांकाचा उचलावा आणि दोन-तीन खोकी शिल्लक ठेवावीत. दोन वर्षांनी तीच छटा मिळत नाही. मिस्त्रीबरोबरच्या कागदावर कटाई, ब्लेड, गोलाई, कोबा आणि साफसफाई कोणाकडे, माप चौरस फुटाने की रनिंग फुटाने, आणि उचल किती, हे लिहिलेले असावे. साफसफाईच्या ओळीत 'आम्ल मारायचे नाही' असे ठळक लिहावे. काम संपल्यावर सिमेंटचे डाग काढण्यासाठी फरशीवर आम्ल ओतून घासण्याची सवय सर्वत्र आहे. त्याने कोट्यासारखा दगड जळतो, सिमेंटचे सांधे पोखरले जातात आणि नालीची जाळीही काळवंडते. ओल्या स्पंजने त्याच दिवशी पुसले तर त्याची गरजच पडत नाही.

मजुरीच्या रकमेतील दहा टक्के पहिला पावसाळा संपेपर्यंत हातात ठेवण्याची अट मिस्त्रीला आधीच सांगावी आणि त्याला मान्य करून घ्यावी. सप्टेंबरअखेर एखाद्या सकाळी त्याच्यासह काठावरून एक फेरी मारावी, फरशी नाण्याने ठोकावी, चार बादल्या पाणी ओतून ते पंधरा मिनिटांत कोठे थांबते ते खडूने आखावे आणि सांध्यांत पांढरी रेघ दिसते का ते पाहावे. आखलेल्या जागा दुरुस्त झाल्या की उरलेले पैसे चुकते करावेत.